चार वेळा जेव, हे तिनेच लिहिलंय

पोरी,

तुझा मेसेज काल रात्री पावणेबाराला आला. वाचला, परत वाचला, फोन उलटा ठेवला आणि मग झोप काही लागली नाही. फोनवर एवढं टाइप करायला माझे अंगठे साथ देत नाहीत म्हणून लॅपटॉप काढलाय, तेव्हा हे लांब होणार. मध्ये कंटाळा आला तर उठून काहीतरी खाऊन ये. चेष्टा नाही करत. खरंच आधी खाऊन ये, मग पुढे वाच.

राखेच्या बुधवारापासून, म्हणजे इस्टरआधीचा उपवासकाळ लागल्यापासून, एक वेळ जेवण, तिसऱ्या आठवड्यापासून नुसती फळं, आणि परवा वॉर्डमध्ये ड्युटीवर चक्कर आली तेव्हा ट्रॉलीला धरून उभी राहिलीस, हे तू असं लिहिलंयस की जणू युनिट टेस्टला दोन मार्क कमी पडले. मम्मी रडते, एक ओळ. पप्पा बोलत नाहीत, अर्धी ओळ. आणि मग पंधरा ओळी एकच प्रश्न, की टीचर, संत कॅथरिनला जमलं ते मला का जमत नाही, माझी श्रद्धा कमी पडते का, आणि मी अशी असेन तर मठात कशी जाणार.

आधी कामाचं बोलू. उद्या सकाळी डॉक्टरकडे जा. फळांवर किती दिवस झाले, चक्कर कधी आली, सगळं खरं सांग. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहेस तू, एखाद्या पेशंटने हीच हिस्ट्री दिली असती तर तू काय केलं असतंस ते मी तुला शिकवायला नको.

आता दुसरं, ते मला लिहायला जड जातंय. कॅथरिनची गोष्ट तुला मीच सांगितली होती. आठवीत, रविवारच्या मिस्सानंतर, धर्मशिक्षणाच्या वर्गात, तू खिडकीच्या बाजूला बसायचीस. बाहेर पोरांचं क्रिकेट चालू, आत अर्धा वर्ग जांभया देतोय, आणि मी म्हणायचे की चौदाव्या शतकातली, इटलीतल्या सिएनाची संत कॅथरिन कितीतरी वर्षं अन्नाशिवाय, फक्त ख्रिस्तप्रसादावर, म्हणजे मिस्सात मिळणाऱ्या पवित्र भाकरीवर जगली. वर्ग एकदम चिडीचूप. शिकवणाऱ्या माणसाला ती शांतता फार गोड लागते गं, तुला आत्ता नाही कळणार. वीसेक वर्षं मी ते एक वाक्य तसंच सांगितलं, कारण ते हमखास चालायचं. त्याच्या पुढचं काही सांगितलंच नाही. वेळ संपायची, घंटा व्हायची, हे माझं कारण आहे आणि ते खोटं नाही, पण वीस वर्षांत एकदा तरी घंटेच्या आधी पुढचं सांगता आलं असतं की.

तर ते पुढचं आता सांगते, सहा-सात वर्षं उशिरा.

ओर्व्हिएतो नावाच्या गावात दानिएला म्हणून एक सिस्टर होती, कडक तप करणारी, आणि मनासारखं करता येईना म्हणून कासावीस झालेली. कॅथरिनने तिला पत्र लिहिलं, छापील संग्रहात त्याचा नंबर २१३ आहे. त्यात ती काय म्हणते माहितीय? तप हे अवजार आहे, त्याला पाया करू नकोस. शरीर अशक्त झालं, आजारी पडलं, तर उपास सोड, नुसता सोडू नकोस, मांस खा, आणि दिवसातून एकदा खाऊन भागत नसेल तर चार वेळा खा. उभं राहवत नसेल तर आडवी पड, गुडघे टेकवत नसतील तर बसून प्रार्थना कर. हे माझं गोड गोड समजावणं नाही. हे तिचं आहे, जिचं नाव घेऊन तू पपईच्या चार फोडींवर नाइट ड्युटी करतेस.

अवजार, पोरी. अवजार. हा शब्द मी या पत्रात इतक्या वेळा लिहिणार आहे की तू वैतागशील.

माझे बाबा केळीच्या वाडीत काम करायचे हे तुला ठाऊक आहे. माझ्या भावाला लहानपणी कोयत्याला धार लावायचा भारी नाद, दगडावर पाणी शिंपडायचं आणि खर्र खर्र घासत बसायचं, बोटाने धार बघायची, परत घासायचं. बाबा एकदा म्हणाले, अरे असाच घासत बसलास तर संध्याकाळी हातात नुसती मूठ राहील, घड कशाने उतरवणार? तू आत्ता ते पातं घासत बसली आहेस, आणि तुझं पातं मुळातच नाजूक आहे.

तू म्हणशील, मला माहितीय तू काय म्हणशील, तू आठवीतही अशीच वाद घालायचीस, की टीचर, तिने दुसऱ्यांना खा म्हणून सांगितलं पण स्वतः कुठे खाल्लं. बरोबर. म्हणून दुसरं पत्र ऐक, नंबर ९२. फ्लॉरेन्समधल्या एका धर्मनिष्ठ माणसाने तिला कळवलं होतं की बाई, हे तुझं न जेवणं मला देवाचं वाटत नाही, सैतानाची फसवणूक तर नाही ना ही. आता संत म्हणवणारी दुसरी कुणी असती तर चिडली असती. ही काय लिहिते? की भीती मलाही वाटते, तुम्ही काळजी केलीत त्याबद्दल आभारी आहे, दिवसातून एकदा-दोनदा मी जबरदस्तीने जेवायचा प्रयत्न करते, आणि देवाने माझं हे खाण्याचं नीट करावं, इतर माणसांसारखं मला जगू द्यावं म्हणून मी सतत प्रार्थना करते, तुम्हीही करा. ती त्याला दुखणं समजते गं! लहानपणापासून एकेक पदार्थ सोडत सोडत गेली, आधी मांस, मग सोळाच्या आसपास पाणी, पाव आणि कच्चा पालाच काय तो राहिला, विशीनंतर पावही सुटला, आणि मग जेव्हा कन्फेसर, म्हणजे तिचं पापनिवेदन ऐकणाऱ्या फादरनी आज्ञा केली की खा, तेव्हा पोटात अन्न टिकेना. दार एवढं घट्ट लावून घेतलं की उघडायची वेळ आली तेव्हा उघडेना.

आणि तू विचारतेस तिला जमलं ते मला का जमत नाही. अगं, तिला जेवण जमत नव्हतं. तुला जमतं. डाळभात खाऊन तो पोटात ठेवणं ही गोष्ट तुला देवाने फुकट दिली आहे, आणि ती त्यासाठी लोकांना पत्रं लिहून प्रार्थना मागत होती.

आजकालचे अभ्यासक तिच्या या न जेवण्याला आजाराची नावं देतात, काही भाविक लोक त्यावर रागावतात. मला दोन्ही बाजूंशी भांडायचं नाहीये. मला एवढंच दिसतं की तिने स्वतः त्याचं कौतुक केलं नाही. कौतुक आम्ही केलं. मी केलं, वर्गात, खडू हातात घेऊन.

आता माझं ऐक, हे मी कुणाला फारसं सांगितलेलं नाही. मी वीस वर्षांची असताना एका उपवासकाळात भात सोडला. मग चपाती. चर्चमध्ये बायका माझ्या आईला म्हणायला लागल्या, तुमची पोरगी किती भक्तीची, आणि आई वरवर हसायची. मला ते ऐकायला आवडायचं, फार आवडायचं, देवापेक्षा जास्त आवडायचं म्हण. त्याच महिन्यात आजी अंथरुणाला खिळली होती. अर्धांगवायू, एक बाजू गेलेली, तिला दर दोन-तीन तासांनी उठवून बसवावं लागायचं, कूस बदलावी लागायची, नाहीतर पाठीला जखमा होतात, ते तुला काय सांगायचं. एका दुपारी आई विहिरीवर होती आणि आजीने मला हाक मारली. मी गेले, तिच्या काखेत हात घातले आणि उचलायला गेले तर माझ्या हातांत जोरच नाही. थरथरले नुसते. तिला अर्धं उचलून तसंच खाली सोडलं मी. ती काही बोलली नाही, डोळे मिटून घेतले. आईने धावत येऊन तिला नीट बसवलं आणि माझ्याकडे बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

इस्टरच्या आत आजी गेली. मी माझा उपास पूर्ण केला होता. चाळीसच्या चाळीस दिवस.

म्हणून मला राग येतो तुझा. म्हणजे तुझा नाही. तू समजून घे.

आता कॅथरिनचे हात बघ. सिएनाच्या इस्पितळात तेक्का नावाची एक कुष्ठरोगी बाई होती, तिच्याजवळ कुणी जायला तयार नाही. कॅथरिन सकाळ-संध्याकाळ जायची, धुवायची, करून घालायची. ती बाई काय बोलायची तिला! आलीस का महाराणी, आज कुठल्या चर्चमध्ये रमली होतीस, असले टोमणे. कॅथरिनच्या हातांना जखमा उठल्या, घरी आई लापाने आकाशपाताळ एक केलं, तरी ही जातच राहिली, आणि तेक्का मेली तेव्हा तिला न्हाऊ घालून पुरलंही हिनेच. पुढे १३७४ मध्ये प्लेगची साथ आली तेव्हाही ती आणि तिची माणसं रोग्यांमध्ये होती. तिचे कन्फेसर, चरित्रकार, मित्र, सगळंच असलेले फादर रेमंड ऑफ कापुआ हे सगळं लिहून गेलेत, आणि त्या वेळी तेही आजाऱ्यांत फिरत होते.

मग तो निकोलो. पेरुजियाचा तरुण, १३७५ मध्ये सिएनात त्याला राजकीय कारणावरून शिरच्छेदाची शिक्षा झाली. पोरगा भेदरलेला, चिडलेला, कुठल्याही फादरला जवळ येऊ देईना. कॅथरिन कोठडीत गेली, त्याच्याशी बोलत बसली, त्याने पापनिवेदन केलं, मिस्सा ऐकला, आणि तो म्हणाला तू जवळ राहा, सोडून जाऊ नकोस. दुसऱ्या दिवशी वधाच्या जागी ती त्याच्या आधी पोहोचली. स्वतःची मान त्या ठोकळ्यावर ठेवून बघितली. मग तो आला, कोकरासारखा शांत, तिला बघून हसला, तिने त्याला खाली झुकवलं, त्याची मान नीट ठेवली, आणि कुऱ्हाड पडली तेव्हा त्याचं डोकं तिच्या हातांत आलं. हे सगळं तिने रेमंडना पत्रात लिहिलंय, अंगावर उडालेल्या रक्ताचा वासही धुवावासा वाटेना हेही लिहिलंय. मी हे पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा बाहेर ओट्यावर जाऊन बसले. संत वगैरे सगळं बाजूला ठेव, एका मरणाऱ्या पोराला एकटं न सोडणं म्हणजे काय ते त्या दोन पानांत आहे. आणि त्यात उपासाचा एक शब्द नाही.

तिच्या ग्रंथात, जो तिने १३७७-७८ मध्ये सांगून लिहून घेतला, देव तिला म्हणतो (शब्द माझे, अर्थ तिचा) की मी तुझ्यावर तू प्रेम करायच्या आधीपासून प्रेम केलं, त्याची परतफेड तू मला करू शकत नाहीस, म्हणून तुझ्या आजूबाजूला माणसं ठेवली आहेत, ती परतफेड त्यांना कर. बास. मला तर वाटतं सगळा ग्रंथ या एका वाक्यावर उभा आहे. फादर लोक म्हणतील त्यात ख्रिस्ताला पूल म्हटलंय तो भाग, त्या पुलाच्या पायऱ्या, अश्रूंवरचं प्रकरण हे जास्त महत्त्वाचं. म्हणू देत.

आता मठात जायचं म्हणतेस त्याबद्दल. त्या शिबिरातल्या सिस्टरनी तुला एक वर्ष थांब म्हटलं आणि तुला तो अपमान वाटला. मला त्या सिस्टर शहाण्या वाटल्या. एक सांगते ते लक्षात घे, कॅथरिन मठातली सिस्टर कधीच नव्हती. तिला वाटेल तिकडे वाट काढत जाणारी बाई म्हण हवं तर. १३४७ मध्ये जन्म, कापड रंगवणाऱ्या याकोपोच्या घरात, सिएनाच्या फोंतेब्रांदा झऱ्याजवळच्या वस्तीत. लापाला पंचवीस मुलं झाली, त्यातली ही अगदी शेवटाकडची, जुळ्यातली, दुसरी तान्हेपणीच गेली. सातव्या वर्षी हिने मनाशी ठरवलं की लग्न नाही. पंधराच्या सुमारास मोठी बहीण बाळंतपणात गेली आणि घरचे हिच्या लग्नाच्या मागे लागले, तर हिने केस कापून टाकले. मग घरच्यांनी काय केलं, हिची खोली काढून घेतली. स्वतंत्र खोली नाही, दार लावायला नाही, मोलकरणीचं सगळं काम हिच्याकडे. बघू आता प्रार्थना कुठे करते.

तेव्हा तिने मनात खोली बांधली. बापाला येशू समजायचं, आईला मारिया, भावांना प्रेषित, आणि त्यांचं जेवण वाढायचं, भांडी घासायची, त्या खोलीतून बाहेर न येता. पुढे आयुष्यभर ती सगळ्यांना हेच सांगत राहिली, राजाला, पोपला, सैनिकांना, की स्वतःला ओळखायची खोली आत बांधा आणि तिच्यात राहा. (इथे आपले लोक लगेच जनाबाईला आणतात, जातं, विठोबा, तेच ते. साम्य आहे, नाही म्हणत नाही, पण दोघींना एका फोटोत बसवायची घाई नको, जनाबाईवर कुणी लग्नाची सक्ती केल्याचं आपण ऐकलेलं नाही आणि कॅथरिनच्या मागे खमकी आई होती.)

बापाने शेवटी माघार घेतली. मग ती मांतेल्लाते म्हणवणाऱ्या डॉमिनिकन बायकांमध्ये गेली, त्या बहुतेक विधवा, पांढरा झगा आणि काळा अंगरखा घालणाऱ्या, पण राहायच्या आपापल्या घरी. तरुण पोरगी नको म्हणाल्या त्या आधी, उगाच गावाच्या तोंडी लागायला नको. तेवढ्यात हिला ताप येऊन अंगभर पुरळ उठलं, हिने आईलाच मध्यस्थीला पाठवलं, आणि बायका बघायला आल्या तर चेहरा असा की सौंदर्याची भीती बाळगायचं कारण उरलं नव्हतं. घेतलं तिला. मला हा प्रसंग फार आवडतो, आणि लापाला पाठवलं हे तर फारच. नंतर तीन वर्षं घरातल्या एका छोट्या खोलीत जवळजवळ मौनात. आणि मग ख्रिस्ताने तिला सांगितलं की आता बाहेर पड, दोन पायांनी चालायचं असतं, एक माझं प्रेम, एक शेजाऱ्याचं. तिला जायचं नव्हतं. रडली ती. गेली.

मलाही मठात जायचं होतं, हे तुला माहीत नाही. आजी गेली त्या वर्षी. बाबा नाही म्हणाले, आई काही बोलली नाही, मी डी.एड. केलं आणि शाळेत लागले आणि पस्तीस वर्षं मराठी शिकवलं. मी स्वतःला आणि लोकांना सांगत आले की मी आत खोली बांधली. शाळेत खोली, स्वयंपाकघरात खोली, लोकलच्या लेडीज डब्यात खोली. माझी धाकटी बहीण एकदा म्हणाली, खोली-बिली काही नाही गं, तू घाबरलीस. मी तिच्याशी आठ महिने बोलले नाही. आता एवढ्या वर्षांनी वाटतं तीही खोटं बोलली नव्हती. पण मी जे शिकवलं ते वाया गेलं असंही मला कुणी सांगू नये, माझ्या हाताखालून गेलेली पोरं आज चार ओळी नीट मराठी लिहितात, तुझाच मेसेज बघ, शुद्धलेखनाची एक चूक नाही, उपाशीपोटी. मी काय सांगत होते? हां. मठात जा किंवा जाऊ नकोस, ते एक वर्षाने ठरव. पण पोटात अन्न असताना ठरव. उपाशी माणसाला प्रत्येक आवाज देवाचाच वाटतो, मी ऐकलेत ते आवाज.

आणि तिच्या आयुष्याचा मोठा भाग कुठे गेला ते बघ ना. पत्रांत! तिची जवळपास ३८० पत्रं आज आपल्याकडे आहेत. तिला लिहिता येत नव्हतं, वाचायला उशिरा शिकली, लिहायला त्याहून उशिरा, सांगून लिहून घ्यायची, कधीकधी एकाच वेळी दोन-तीन लेखनिकांना वेगवेगळी पत्रं. सुरुवात ठरलेली, मी कॅथरिन, येशू ख्रिस्ताच्या सेवकांची दासी आणि गुलाम, त्याच्या मौल्यवान रक्तात तुम्हाला लिहिते. आणि मग तोफ. पोप अकरावे ग्रेगरी तेव्हा फ्रान्समधल्या आविन्योंमध्ये बसलेले, १३०९ पासून पोप तिकडेच. ही त्यांना लाडाने बाबा म्हणते आणि त्याच पत्रात सांगते भित्रेपणा सोडा, मर्दासारखं वागा. जून १३७६ मध्ये एकोणतीस वर्षांची ही रंगाऱ्याची मुलगी स्वतः आविन्योंला पोहोचली, ही तिच्या तोस्कानी बोलीत बोलते, रेमंड लॅटिन करून पोपना सांगतात. सप्टेंबरमध्ये पोप निघाले, जानेवारी १३७७ मध्ये रोममध्ये आले. मी वर्गात सांगायचे हिनेच आणलं. तेही अर्धंच, ग्रेगरींच्या मनात आधीपासून होतं, राजकारणही होतं, हिने ढकललं. आणि सगळंच काही तिचं बरोबर होतं असंही नाही, क्रुसेडच्या, म्हणजे धर्मयुद्धाच्या मागे ती हात धुऊन लागली होती, त्या युद्धासाठी राजेराण्यांना पत्रं लिहायची, ते वाचून मला आजही कसंतरी होतं. संत झाली म्हणून तिचं प्रत्येक पाऊल गिरवायचं नसतं. हे मी आठवीत सांगायला हवं होतं.

तिचा झापायचा सूरही ऐक, तुला तो हवाय. रेमंडना १३७८ मध्ये फ्रान्सच्या राजाकडे पाठवलं होतं, वाटेत दबा धरून बसलेत असं कळलं आणि ते सीमेवरून जेनोव्हाला परतले. हिने लिहिलं की उभ्याने जमत नव्हतं तर रांगत जायचं होतं. बिचारे रेमंड! हेच रेमंड ती देवाबद्दल तासन् तास बोलायची तेव्हा पेंगायचे, आणि ही उठवून म्हणायची मी काय भिंतीशी बोलतेय का. त्यांनी हे सगळं स्वतःच लिहून ठेवलंय, लपवलं नाही. मला तर कॅथरिनइतकेच ते आवडतात. कुणीतरी झोपाळू, घाबरट, प्रामाणिक माणूस जवळ असावा लागतो. तुझ्याकडे मी आहे.

शेवट तुला पाठच आहे, तरी लिहिते, कारण तू तो चुकीचा पाठ केला आहेस. ग्रेगरी १३७८ मध्ये गेले, सहावे अर्बन आले, तापट माणूस, आणि त्याच वर्षी कार्डिनल फुटले, दुसरा पोप उभा केला, चर्च दोन तुकडे. जे जोडायला ती आयुष्यभर धावली तेच तिच्या डोळ्यांसमोर फुटलं. अर्बननी तिला रोमला बोलावून घेतलं. १३८० च्या सुरुवातीला पाणीही घशाखाली उतरेना, तरी त्या उपवासकाळात ती रोज चालत संत पेत्राच्या मंदिरात जायची आणि संध्याकाळपर्यंत प्रार्थना करायची, फेब्रुवारीच्या शेवटी तेही थांबलं, आणि २९ एप्रिलला गेली. तेहतीस वर्षांची. रेमंड जेनोव्हात होते, शेवटची भेटही नाही. तू या शेवटाकडे बघतेस आणि तुला तेज दिसतं. मला एक थकलेली बाई दिसते जिला अजून खूप काही करायचं होतं आणि जिचं शरीर पुरलं नाही. अजून तीस वर्षं जगली असती तर किती पत्रं झाली असती याचा मी हिशेब करत बसते, आणि मला तिचाही राग येतो. येतो. संतांचा राग आला तर पापनिवेदनात सांगायचं का हे मी एकदा फादरना विचारलं, ते हसले नुसते.

१९७० मध्ये पोप सहाव्या पॉलनी तिला डॉक्टर ऑफ द चर्च, म्हणजे सगळ्या चर्चची गुरू केलं. आविलाच्या संत तेरेसानंतर एका आठवड्याने, तोवर त्या यादीत एकही बाई नव्हती. उपासासाठी हा मान देत नाहीत पोरी, शिकवणीसाठी देतात. म्हणजे पत्रांसाठी, त्या ग्रंथासाठी. अवजारासाठी नाही, त्याने काय घडवलं त्यासाठी. बघ, परत आला शब्द.

आणि लापा. तिच्याबद्दल थोडं राहिलं. मोठ्या तोंडाची, भांडखोर, साधी बाई. पोरीला जरा बरं वाटावं म्हणून तिला गरम पाण्याच्या झऱ्यावर घेऊन गेली होती, तर पोरगी जिथे पाणी सगळ्यात कढत तिथेच जाऊन बसली. पोरगी गावोगाव फिरायला लागली की ही घरी रडायची, आणि कॅथरिनला आईला समजावणारी पत्रं लिहावी लागायची, ती आहेत संग्रहात. शेवटी लापा स्वतःही मांतेल्लाते झाली. पोरीच्या मागे कितीतरी वर्षं जगली, मुलं-नातवंडं डोळ्यांदेखत गेली, आणि म्हातारपणी म्हणायची की देवाने माझा जीव शरीरात आडवा ठोकून बसवलाय वाटतं, निघतच नाही. मी हे वाचून हसले होते. आता तुझी मम्मी आठवली आणि हसू येत नाहीये. ती तुझ्या ताटाकडे बघत बसते ना रात्री? तू एका ओळीत लिहिलंस म्हणून विचारते.

रविवारी मिस्सानंतर माझ्याकडे ये. दानिएलाच्या पत्राचं मी वहीत मराठी करून ठेवलंय, इंग्रजीवरून, बरंच जुनं आहे, माझं अक्षर वाचता येतं तुला. वही घरी न्यायला देणार नाही, इथेच बसून वाचायचं. भात आणि बोंबलाचं कालवण असेल. आठवडाभर तुझ्या मम्मीच्या हातचं थोडं थोडं, डॉक्टर सांगतील तसं खाऊन ये म्हणजे जड जाणार नाही.

तुझी,
टीचर

ता. क. डॉक्टरकडे जाऊन आलीस की मला मेसेज कर. लिहायचा कंटाळा आला तर नुसतं एक टिंब पाठव, मी समजेन. मी फोन आता सुलटा ठेवलाय.